चाकांचे गंजणे व टायरमधील हवेची मंद गळती

चाकांचे गंजणे व टायरमधील हवेची मंद गळती : खिळा लागून वा चीर पडून टायरला भोक पडलेले नसतानाही त्यातील हवा काही दिवसांत वा आठवड्यांत कमी होत जाते, या प्रकारास मंद गळती म्हणतात. तिची कारणे अनेक असली, तरी ट्यूब नसलेल्या टायरच्या बाबतीत चाकाची रिम गंजणे हे त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण होय. रिम म्हणजे टायर धारण करणारा चाकाचा धातूचा बाह्य घेर. टायरच्या दोन्ही आतील कडांमध्ये पोलादी तारांची कडी पुरलेली असतात. अशा कडेस गॅरेजमध्ये ‘बीड’ म्हणतात; प्रस्तुत नोंदीत तिच्यासाठी ‘कोर’ हा शब्द वापरला आहे. रिमच्या ज्या किंचित उतरत्या पट्टीवर ही कोर घट्ट बसते, तिला बैठक म्हणतात. बैठक गुळगुळीत असेपर्यंत रबर व धातू यांमधील सांधा हवाबंद राहतो. ती गंजून खडबडीत झाली की, सांध्यात केसासारखे बारीक मार्ग निर्माण होतात आणि त्यांतून हवा निसटू लागते.

या दोषाचा इतिहास हा वस्तुतः हवा धरून ठेवण्याचे काम वाहनाच्या कोणत्या भागाकडे होते, याचा इतिहास आहे. सुमारे सहा दशके हे काम रबरी ट्यूबकडे होते आणि रिम केवळ आधार देत असे. विसाव्या शतकाच्या मध्यास ट्यूब काढून टाकण्यात आली व रिम ही हवेच्या कोठीची एक भिंत बनली. रिमवरील गंज त्यापूर्वी प्रामुख्याने तिच्या टिकाऊपणाचा प्रश्न होता. त्यानंतर तो वाहनातील माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न झाला. चाकाच्या देखभालीच्या सवयी मात्र अनेक ठिकाणी ट्यूबच्या काळातल्याच राहिल्या. या विसंगतीमुळे एरवी किरकोळ वाटणाऱ्या या दोषास महत्त्व प्राप्त झाले आहे.

धाव व भरीव रबर : बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविण्याची पद्धत भारतात जुनी आहे. लोहार धाव आगीत तापवून, ती प्रसरण पावली असताना चाकावर चढवी व पाणी ओतून आवळून बसवी. धावेचा बाहेरचा पृष्ठभाग रस्त्यावर सतत घासला जात असल्याने त्यावर गंज फारसा साचत नसे. धाव सैल होण्याचे मुख्य कारण लाकूड सुकून आकसणे हे असे. गंजाचा वाटा गौण असे. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची व्हल्कनीकरणाची प्रक्रिया शोधून काढली. त्यानंतर घोडागाड्या व सायकली यांच्या चाकांवर भरीव रबराचे वेष्टन बसविण्यात येऊ लागले. त्यातही हवा नसल्याने गळतीचा प्रश्न उद्‌भवत नव्हता.

हवेच्या टायरचा उदय : हवा भरलेल्या टायरचे पहिले एकस्व स्कॉटिश अभियंते रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये मिळविले. रबर चढविलेल्या कापडाची नळी व तिच्यावर चामड्याचे वेष्टन अशी त्यांच्या टायरची रचना होती. ही कल्पना त्या काळी व्यवहारात रुजली नाही. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे हवेचा टायर स्वतंत्रपणे तयार केला व सायकलीच्या प्रसाराबरोबर तो लोकप्रिय झाला. टॉमसन यांचे एकस्व आधीचे असल्याने डनलॉप यांचे एकस्व पुढे रद्द ठरले.

आरंभीचा टायर चाकावर कायमचा चिकटवून वा गुंडाळून बसवीत. त्यामुळे पंक्चर काढणे हे वेळखाऊ काम असे. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी कोरेत तारेचे कडे असलेला टायर व मध्ये खोलगट भाग असलेली रिम यांची रचना सुचविली. त्याच वर्षी विल्यम अर्स्किन बार्टलेट यांनी रिमच्या वळलेल्या कडेत अडकणारा टायर योजला. फ्रान्समधील आंद्रे व एद्वार मीशलँ या बंधूंनी १८९१ मध्ये काढता-घालता येणारा सायकलचा टायर बाजारात आणला आणि १८९५ च्या पॅरिस–बॉर्दो–पॅरिस शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटारगाडी उतरविली. वेल्च यांच्या रचनेतील तारेचे कडे व खोलगट रिम ही दोन्ही तत्त्वे आजच्या मोटारीच्या चाकात टिकून आहेत. टायर काढता येऊ लागल्यामुळे रिमची बैठकही उघडी पाहता व साफ करता येऊ लागली, हे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे.

ट्यूबचा काळ : या काळात हवा धरून ठेवण्याचे काम संपूर्णपणे ट्यूबचे होते. १९३७ मध्ये अमेरिकेत विल्यम स्पार्क्स व रॉबर्ट टॉमस यांनी ब्यूटिल रबर तयार केले. नैसर्गिक रबराच्या तुलनेने त्यातून हवा सुमारे आठ ते दहा पटींनी कमी झिरपते. त्यामुळे ट्यूबमधील हवा पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकू लागली.

रिम गंजण्याचा उपद्रव ट्यूबच्या काळातही होता. परंतु त्याचे स्वरूप वेगळे होते. गंजाचे पापुद्रे सुटून ट्यूबला घासत व घासून घासून तिला सूक्ष्म भोक पडे. सायकलीत आऱ्यांची टोके ट्यूबला लागू नयेत म्हणून रिमच्या आतून पट्टी बसवीत. ती कुजली की गंजलेली टोके ट्यूबमध्ये घुसत. ट्रकच्या चाकात यासाठी रबरी फ्लॅप घालीत. अशा वेळी कारागीर ट्यूबला ठिगळ लावी, रिम पॉलिश कागदाने घासून घेई आणि काम संपे. दोष ट्यूबमध्ये आहे व उपायही ट्यूबवर करावयाचा, ही समजूत या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या दृढ झाली.

ट्रकच्या काही चाकांत रिम अनेक भागांची असून टायर लोखंडी रिंगने अडकविलेला असतो. रिंगची खाच गंजल्यास हवा भरताना रिंग नीट न बसता प्रचंड वेगाने उडते. या कारणाने कारागीर गंभीर जखमी होण्याचे व दगावण्याचे प्रकार अनेक देशांत घडले. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा प्रशासनाने १९८० मध्ये अशा चाकांच्या हाताळणीसाठी स्वतंत्र नियम केले व टायर पिंजऱ्यात ठेवून हवा भरणे आवश्यक ठरविले.

ट्यूबविरहित टायर : ट्यूब न वापरता टायर व रिम यांच्यामध्येच हवा कोंडण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभापासून मांडली जात होती. ती व्यवहार्य करण्याचे श्रेय बी. एफ. गुडरिच कंपनीतील फ्रँक हर्झेग यांना दिले जाते. या कंपनीने १९४७ मध्ये असा टायर जाहीर केला आणि हर्झेग यांना १९५२ मध्ये त्याचे एकस्व मिळाले. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतील बहुतेक नव्या मोटारींना ट्यूबविरहित टायर येऊ लागले.

या टायरच्या आतील बाजूस ब्यूटिल जातीच्या रबराचा पातळ थर असतो. हाच थर ट्यूबचे काम करतो. मात्र तो दोन्ही कोरांपाशी संपतो. तेथून पुढे हवा कोंडून धरण्याचे काम रिमच्या धातूचे असते. मोटारीच्या रिमची बैठक सुमारे ५ अंशांनी उतरती असते, तर ट्रकच्या ट्यूबविरहित टायरची बैठक १५ अंशांनी उतरती असते. हवेच्या दाबाने कोर या उतारावर सरकून आवळली जाते. ती जागेवरून सुटू नये म्हणून मोटारीच्या रिमवर बैठकीच्या आतील बाजूस एक बारीक उंचवटाही ठेवलेला असतो.

या रचनेचे फायदे मोठे आहेत. खिळा लागल्यास हवा एकदम न जाता सावकाश जाते, ट्यूब व टायर यांच्यातील घर्षण नसल्याने उष्णता कमी निर्माण होते आणि चाक न काढताही पंक्चर काढता येते. त्याची किंमत एवढीच की, बैठकीचा पृष्ठभाग चाकाच्या संपूर्ण आयुष्यभर गुळगुळीत राखावा लागतो.

गंजण्याची क्रिया : पोलादी रिमवरील रंगाचा थर सामान्यतः तीन ठिकाणी प्रथम तुटतो : टायर चढविताना व उतरविताना लोखंडी पहार ज्या कडेवर टेकवितात तेथे, चाकाचा तोल साधण्यासाठी शिशाचे वा पोलादाचे वजन जेथे ठोकून बसवितात तेथे आणि खड्ड्यात आपटून वा पदपथास घासून कड दबते तेथे. या जागी पाणी व ऑक्सिजन यांचा लोखंडाशी संबंध येऊन गंज तयार होतो. गंजाचे आकारमान तो ज्या लोखंडापासून बनला त्याच्या दुपटीहून अधिक असल्याने तो शेजारच्या रंगाखाली शिरून त्याला उचलतो. अशा रीतीने बाहेरच्या कडेवर सुरू झालेला गंज काही काळाने कोरेखाली पोहोचतो. कोर व रिम यांच्यातील फटीत शिरलेले पाणी लवकर वाळत नाही. फटीच्या आत ऑक्सिजन कमी व तोंडाशी अधिक अशी स्थिती असल्याने तेथे सूक्ष्म विद्युत् घट तयार होतो आणि धातू अधिक वेगाने क्षय पावतो [→ संक्षारण].

ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९२० व १९३० च्या दशकांतील प्रयोगांनी दाखवून दिले की, हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली व हवेत सल्फर डाय-ऑक्साइड असला की, लोखंड गंजण्याचा वेग एकदम वाढतो. समुद्रावरील हवेतून येणाऱ्या मिठाच्या कणांचाही असाच परिणाम होतो.

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची चाके लोखंडासारखी गंजत नाहीत. त्यांच्यावर ऑक्साइडाचा पातळ संरक्षक थर आपोआप तयार होतो. तथापि क्लोराइडांमुळे हा थर जागोजागी तुटतो व पांढरी भुकटी साचते. रोगणाच्या थराखाली हा क्षय दोऱ्यासारख्या नागमोडी रेषांनी पसरतो. मिश्रधातूच्या चाकावर पोलादी पट्टीचे वजन वा पितळी झडप बसविली आणि तेथे खारे पाणी साचले, तर दोन भिन्न धातूंच्या संपर्कामुळे ॲल्युमिनियमचा क्षय त्वरेने होतो. झडप म्हणजे हवा भरण्याची नळी. कारागीर तिला ‘वॉल’ म्हणतात. मोटारीच्या रबरी झडपेसाठी रिमला सुमारे ११.५ मिमी. व्यासाचे भोक असते. या भोकाची कड गंजल्यानेही गळती होते.

गंजाचे एक कारण टायरच्या आतही असते. दाबाखालील हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते दाबयंत्राच्या टाकीत साचते. ही टाकी वेळोवेळी रिकामी न केल्यास पाण्याचा अंश हवेबरोबर टायरमध्ये जातो व रिमच्या आतील बाजूस गंज चढतो. पंक्चर भरण्यासाठी टायरमध्ये ओतले जाणारे काही पाणीयुक्त द्रवही असाच परिणाम करतात.

संरक्षणाच्या पद्धतींतही सुधारणा होत गेली. आरंभी रिमला साधा रंग देत वा क्रोमियमाचे विद्युत् विलेपन करीत. फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर यांच्या मार्गदर्शनाखाली विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने रंग बसविण्याची पद्धत विकसित झाली व १९६० च्या दशकापासून ती चाकांसाठीही वापरात आली. या पद्धतीने कोपरे व सांधे यांतही रंग सारखा बसतो. असे असले तरी पहारेचा एक ओरखडा हे संरक्षण निष्फळ करण्यास पुरेसा होतो.

भारतातील वाटचाल : भारतात टायरचे उत्पादन १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे डनलॉप कंपनीच्या कारखान्यात सुरू झाले. मुंबईत शिवडी येथे फायरस्टोन कंपनीचा कारखाना निघाला. सीएट कंपनीची भारतीय शाखा १९५८ मध्ये स्थापन होऊन भांडुप येथे तिचा कारखाना उभा राहिला. बैलगाडीलाही हवेचे टायर लावण्यात येऊ लागले व महाराष्ट्राच्या ऊस पट्ट्यात टायरगाडी हा शब्द रूढ झाला.

भारतीय रस्त्यांवर ट्यूबचा काळ दीर्घ ठरला. प्रीमियर कंपनीच्या मोटारी, ट्रक, बस, सायकली आणि आऱ्यांच्या चाकांच्या मोटारसायकली या सर्वांत ट्यूब होती. पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज स्कूटरची व तीनचाकी रिक्षाची रिम पत्र्याच्या दोन भागांची असून ते नट-बोल्टांनी जोडलेले असत. अशा रिममध्ये सांधाच मधोमध असल्याने ट्यूबशिवाय हवा राहणे शक्य नव्हते. दोन भागांमधील गंज ट्यूबला चिमटे काढी. पण रिम उघडून घासणे सोपे असल्याने दुरुस्तीही सोपी होती.

१९९० नंतर मोटारींत व २००० नंतरच्या दोन दशकांत दुचाकींत ट्यूबविरहित टायरचा प्रसार झाला. महाग मोटारसायकलींना मिश्रधातूची चाके आली. सर्वसामान्य स्कूटरना मात्र बव्हंशी दाबून घडविलेल्या पत्र्याची एकसंध चाके राहिली. ही चाके लहान व जमिनीलगत असल्याने पावसाळ्यात ती चिखलपाण्यात बुडून निघतात. परिणामी पत्र्याच्या चाकांवरील ट्यूबविरहित टायर हे भारतात या दोषाचे सर्वांत वारंवार आढळणारे उदाहरण बनले आहे.

आंबिवली–कल्याण परिसर : ठाणे जिल्ह्यातील आंबिवली हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर शहाड व टिटवाळा यांच्या दरम्यानचे स्थानक असून १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण महानगरपालिकेच्या, म्हणजे आजच्या कल्याण–डोंबिवली महानगरपालिकेच्या, क्षेत्रात येते. टायर व गंज या दोहोंच्या इतिहासाशी या परिसराचा निकटचा संबंध आहे.

आंबिवलीजवळ मोहने येथे उल्हास नदीकाठी नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन (एन.आर.सी.) या १९४६ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचा कारखाना होता. शेजारच्या शहाड येथे सेंच्युरी रेयॉनचा कारखाना उभा राहिला. या कारखान्यांत कापडाच्या रेयॉन धाग्याबरोबर टायरसाठी लागणारा मजबूत दोराही तयार होत असे. टायरच्या रबराखाली अशा दोऱ्यांचे थर असतात व हवेचा दाब प्रत्यक्षात तेच सोसतात. आरंभी हे दोरे सुताचे असत. १९३० च्या दशकापासून रेयॉनने व नंतर नायलॉनने सुताची जागा घेतली. रेयॉनचा दोरा ओला झाला की त्याची ताकद घटते. म्हणून टायरमध्ये ओल शिरू न देणे ही रेयॉनच्या काळापासूनची आवश्यक दक्षता ठरली. हजारो कामगारांना रोजगार देणारा मोहन्याचा हा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. टायरला बळ देणारा दोरा जेथे तयार होत असे, तेथील उत्पादन थांबले आणि भोवतीची कामगार वस्ती उपजीविकेसाठी इतरत्र जाऊ लागली.

वाहनांच्या निर्मितीशीही या भागाचा संबंध आला. प्रीमियर व फ्रान्समधील प्यूजो या कंपन्यांच्या सहकार्याने कल्याण–डोंबिवली येथे १९९० च्या दशकाच्या मध्यास मोटारी तयार होत होत्या. हा प्रयोग १९९७ च्या सुमारास संपुष्टात आला.

धातूच्या दृष्टीने येथील हवामान प्रतिकूल आहे. उल्हास खाडीत भरतीचे पाणी कल्याणपर्यंत येते. ठाणे जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या काळात सु. २,५०० मिमी. पाऊस पडतो व या चार महिन्यांत हवेची आर्द्रता व्हर्नन यांनी दाखविलेल्या मर्यादेच्या बहुधा वरच असते. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ व डोंबिवली येथील रासायनिक उद्योगांमुळे हवेत आम्लधर्मी वायूंची भर पडत आली आहे. कराइकुडी येथील केंद्रीय विद्युत् रासायनिक संशोधन संस्थेने तयार केलेल्या भारताच्या संक्षारण नकाशातही किनारपट्टीच्या प्रदेशांत धातूंचा क्षय अंतर्भागापेक्षा अधिक असल्याचे दिसते.

या हवामानाला वाहनांच्या वापराच्या पद्धतीची जोड मिळते. उपनगरातील नोकरदार सकाळी स्थानकापर्यंत स्कूटरने जातो व दिवसभर ती उघड्यावर उभी ठेवतो. वाहन फिरत असताना चाके तापून वाळतात; उभ्या वाहनाच्या चाकांत मात्र ओल टिकून राहते. थोडे अंतर चालणारी व दीर्घकाळ पावसात उभी राहणारी वाहने यामुळे लवकर गंजतात. हवा कमी झाल्याचे लक्षात आले की, वाटेवरील पंक्चरच्या दुकानात ती भरून घेतली जाते व गाडी पुढे जाते. दोन-तीन दिवसांआड हवा भरणे ही जणू त्या वाहनाची नित्याची गरज आहे, असे मालक मानू लागतो. वस्तुतः प्रत्येक वेळी भरलेली हवा मूळ दोष झाकते व बैठकीचा क्षय तसाच चालू राहतो. रिक्षा चालवून वा घरपोच माल पोहोचवून पोट भरणाऱ्यांच्या दृष्टीने तर वाया जाणारा वेळ, लवकर झिजणारे टायर व वाढता इंधनखर्च हा प्रत्यक्ष कमाईतून जाणारा पैसा असतो.

निदान : निर्दोष टायरमधूनही रबरातून झिरपून दरमहा सुमारे १ ते २ पौंड (दर चौ. इंचास) हवा जाते. थंडीत तापमान ५ ते ६ अंश से. ने उतरले तरी दाब सुमारे १ पौंडाने कमी दिसतो. याहून अधिक घट, उदा. दर आठवड्यास २ पौंड वा त्यापेक्षा जास्त, आढळल्यास गळतीचा शोध घेणे आवश्यक असते. प्रथम टायरच्या धावेवर खिळा वा काच नाही याची खात्री करतात. नंतर झडपेवर व रिमच्या दोन्ही कडांवर साबणाचे पाणी लावतात किंवा चाक पाण्याच्या टाकीत बुडवितात. खिळ्याच्या भोकातून बुडबुड्यांची धार निघते. गंजलेल्या बैठकीतून मात्र रिमच्या कडेने बारीक फेस हळूहळू जमतो. तो दिसण्यास काही मिनिटे लागत असल्याने घाईने पाहणाऱ्यास गळती नाही असे वाटते. आतील बाजूची कोरही तपासावी लागते, कारण चिखल तेथेच अधिक साचतो.

दुरुस्ती : हवा पूर्ण काढून टायर रिमवरून उतरविणे ही पहिली पायरी होय. बाहेरून चिकट द्रव्य लावल्याने गळती थांबत नाही. पोलादी रिमची बैठक तारेच्या ब्रशाने व पॉलिश कागदाने उजळ धातू दिसेपर्यंत घासतात. गंज खोल गेला असल्यास वा पत्रा पातळ झाला असल्यास ती रिम बाद करणे इष्ट असते. घासलेला भाग धुऊन पूर्ण वाळवितात. त्यावर जस्तयुक्त अस्तर व रंग यांचे पातळ थर देऊन ते कडक होईपर्यंत थांबतात. रंग ओला असताना टायर चढविल्यास तो कोरेला चिकटून पुन्हा उखडतो. मिश्रधातूच्या चाकास साध्या पोलादी तारांचा ब्रश लावीत नाहीत, कारण लोखंडाचे कण त्यात रुतून क्षयाची नवी केंद्रे तयार होतात. त्यासाठी नायलॉनचा घासणारा पट्टा वापरतात. असे चाक जास्त तापविल्यास त्याची ताकद घटते. चीर गेलेले चाक सांधून वापरणे धोक्याचे असते.

टायरच्या कोरेवर चिकटलेला गंजही पुसून काढावा लागतो व कोरेचे रबर फाटलेले नाही हे पाहावे लागते. झडप दर वेळी नवी बसविणे श्रेयस्कर असते. कोरेसाठी मिळणारा काळा रबरी लेप स्वच्छ केलेल्या बैठकीवर पातळ लावल्यास उपयुक्त ठरतो. गंजावर लावलेला लेप गंजाच्या पापुद्र्यासह सुटतो. टायर चढविताना ग्रीस किंवा ऑइल न वापरता साबणाचा लेप वापरतात, कारण खनिज तेलाने रबर फुगते. कोर बैठकीवर बसविताना साधारणपणे ४० पौंडांपेक्षा अधिक दाब देत नाहीत व कारागीर चाकापासून दूर उभा राहतो. शेवटी साबणाच्या पाण्याने पुन्हा तपासणी करून चाकाचा तोल साधतात.

ट्यूबविरहित टायरमध्ये ट्यूब घालणे हा स्वस्त व लोकप्रिय उपाय आहे. तो तात्पुरता म्हणून चालू शकतो. पण खडबडीत रिम ट्यूबला घासत राहते, टायर व ट्यूब यांमध्ये उष्णता वाढते आणि ट्यूब फाटल्यास हवा एकदम जाते. सावकाश जाणारी हवा व एकदम जाणारी हवा यांतील फरक वेगात असलेल्या वाहनाच्या बाबतीत जीवनमरणाचा ठरतो.

धोके व नियम : हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात. या वाकण्यातून उष्णता निर्माण होते, दोरे व रबर यांची पकड सुटते आणि वेग व भार वाढताच टायर फुटतो. ३० पौंड हवेच्या टायरमधून दर आठवड्यास २ पौंड हवा जात असल्यास चार आठवड्यांत दाब २२ पौंडांवर येतो, म्हणजे तो एक-चतुर्थांशाहून अधिक घटतो. आधुनिक टायरची बाजू ताठ असल्याने ही घट नुसत्या डोळ्यांनी सहसा कळत नाही.

अमेरिकेत २००० साली फायरस्टोन कंपनीचे लाखो टायर परत मागवावे लागले. या प्रकरणाशी दोनशेहून अधिक मृत्यूंचा संबंध जोडला गेला. टायरच्या रचनेतील दोषांबरोबर कमी दाब व उष्णता हेही मुद्दे त्या चौकशीत पुढे आले. त्याच वर्षी झालेल्या कायद्यानुसार हलक्या वाहनांत दाब सूचक यंत्रणा आवश्यक करण्यात आली. दाब नेमलेल्या मूल्यापेक्षा २५ टक्क्यांनी घटला की चालकास इशारा मिळावा, असे तिचे प्रमाण ठरविण्यात आले. वरील उदाहरणातील टायर या मर्यादेपर्यंत महिन्याभरात पोहोचतो. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये बदल होऊन, ट्यूबविरहित टायर, दाब सूचक यंत्रणा व दुरुस्तीचे साहित्य असलेल्या ३.५ टनांपर्यंतच्या वाहनांना जादा चाक म्हणजे स्टेपनी न ठेवण्याची मुभा देण्यात आली. स्टेपनी नसल्यास रिमच्या बैठकीची अवस्था अर्थातच अधिक महत्त्वाची ठरते, कारण दुरुस्तीच्या संचातील द्रव धावेवरील भोक बुजवितो. गंजलेली बैठक त्याने नीट होत नाही. बहुसंख्य दुचाकींत व जुन्या मोटारींत दाब सूचक यंत्रणा नाही. त्यांचा भरवसा दाबमापकावर व मालकाच्या सवयीवरच आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे गांभीर्य वेगवान महामार्गांमुळे वाढले आहे. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. सपाट भागात मोटारींसाठी ताशी १२० किमी. वेगमर्यादा असलेल्या या काँक्रीटच्या मार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा झाली आणि २०२३ मध्ये प्रवेशस्थानी टायरांची तपासणी हाती घेण्यात आली. इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू होऊन ७०१ किमी. लांबीचा हा मार्ग पूर्ण झाला. आमणे हे भिवंडी तालुक्यातील गाव कल्याण–आंबिवली परिसराच्या लगत आहे. स्थानकापर्यंतच्या गर्दीच्या रस्त्यावर महिनोन्‌महिने केवळ गैरसोयीचा वाटलेला दोष घेऊन एखादी मोटार आता थोड्याच वेळात ताशी १२० किमी. वेगाच्या मार्गावर पोहोचू शकते. टायरच्या धावेची झीज तपासणीत डोळ्यांना दिसते. कोरेखालील गंज टायर उतरविल्याशिवाय दिसत नाही. म्हणून महिन्यातून एकदा थंड टायरचा दाब मोजून त्याची नोंद ठेवणे, एकाच चाकात वारंवार घट आढळल्यास केवळ हवा न भरता ते चाक उघडून पाहणे आणि टायर बदलताना दर वेळी बैठक साफ करून रंगविणे, हे तीन साधे उपाय तज्ञ सुचवितात. ते अमलात आणण्यास विशेष खर्च येत नाही. हवा धरून ठेवण्याचे काम आता रिमही करते, एवढी जाणीव मालक व कारागीर या दोघांनाही असावी लागते.